पडद्यामागच्या पहिल्या स्त्रिया

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, तेव्हा तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. सिनेमात काम करायला स्त्रिया तयार नव्हत्या, ही हकिगत आपण सारेच वाचत आलो आहोत. मात्र त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, त्याच मुंबईत एका मुस्लिम स्त्रीने स्वतःची चित्रपट कंपनी काढली आणि स्वतः चित्रपट दिग्दर्शित केला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

फातमा बेगम हे त्यांचे नाव. त्या मूळच्या उर्दू रंगभूमीवरच्या अभिनेत्री. १९२२ सालच्या ‘वीर अभिमन्यू’तून त्या सिनेमात आल्या. १९२६ साली त्यांनी ‘फातमा फिल्म्स’ ही संस्था उभारली आणि ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा मूकपट दिग्दर्शित केला. भारतीय स्त्रीने दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट मानला जातो. पऱ्यांच्या दुनियेची ही कथा त्यांनी कॅमेऱ्याच्या करामतींनी रंगवली होती. जुबेदा, सुलताना आणि शहजादी या त्यांच्या तिन्ही मुलीही पडद्यावर आल्या. त्यांपैकी जुबेदा १९३१ साली ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची नायिका झाली. लेकीचे नाव प्रश्नमंजूषेत आजही विचारले जाते. आईचे मात्र क्वचितच.

असे विस्मरण केवळ आपल्याच देशात घडले, असे नाही. फ्रान्समध्ये गोमाँ कंपनीत सेक्रेटरी असलेल्या अ‍ॅलिस गी यांनी सिनेमाच्या अगदी आरंभकाळातच, १८९६ पासून, कथापट रचायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेत जाऊन १९१० साली त्यांनी ‘सोलॅक्स’ ही स्वतःची कंपनी स्थापन केली. शेकडो चित्रपट त्यांच्या हातून घडले. पण इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांतले काही चित्रपट पुरुष सहकाऱ्यांच्या नावावर टाकले. स्वतःचे काम स्वतःचेच आहे, हे सांगण्यात त्यांचे उत्तरायुष्य गेले. १९६८ साली त्या वारल्या. त्यांचे आत्मकथन छापले गेले ते त्यानंतर, १९७६ मध्ये.

फातमा बेगमना तर असे भांडायलाही पुरावा उरला नाही. ‘बुलबुल-ए-परिस्तान’ची प्रत आज उपलब्ध नाही. नायट्रेटची ती फिल्म पटकन पेट घेई, दमट हवेत कुजून जाई, आणि तिच्यातली चांदी काढण्यासाठी भंगारातही विकली जाई. आपल्या देशात तेराशेहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांतले जेमतेम तीसेक वाचले, तेही बरेचसे तुकड्यांत. या नाशाने स्त्री-पुरुष असा भेद केला नाही. भेद झाला तो आठवण ठेवण्यात. फाळक्यांचेही बहुतेक चित्रपट गेले, पण त्यांच्याविषयी लिहिले गेले, बोलले गेले, म्हणून ते राहिले. फातमा बेगम १९८३ पर्यंत हयात होत्या. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले होते. म्हणजे त्यांच्याशी बोलायला, त्यांना विचारायला आपल्याकडे दोन दशके होती.

जे जपले जाते ते किती दूरवर पोचते, याचे उदाहरण इराणमध्ये सापडते. कवयित्री फरूग फरुखजाद यांनी तबरीजजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीवर १९६२ साली ‘खाने सियाह अस्त’, म्हणजे ‘घर काळे आहे’, हा माहितीपट केला. तो वीसेक मिनिटांचाच आहे. १९६७ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्या मोटार अपघातात गेल्या. पण तो छोटा माहितीपट टिकला आणि इराणच्या नव्या सिनेमाचा पाया त्यात शोधला जातो.

सौदी अरेबियात हैफा अल-मन्सूर यांनी ‘वजदा’ केला तो २०१२ साली. रियाधच्या रस्त्यावर पुरुषांमध्ये उघडपणे वावरता येत नसल्यामुळे गाडीत बसून वॉकी-टॉकीवरून त्यांनी दिग्दर्शन केले. तेव्हा मुस्लिम स्त्रीने कॅमेरा हाती घेतल्याचे जगभर नवल झाले. त्यांचे धाडस मोठेच आहे. पण शहाऐंशी वर्षांपूर्वीची फातमा बेगम ठाऊक असती, तर हे नवल आपण वेगळ्या शब्दांत केले असते.

म्हणून आम्हाला वाटते, ज्यांच्या घरी जुन्या चित्रपटांच्या पुस्तिका, जाहिराती, छायाचित्रे असतील, त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत, संग्रहालयाकडे द्याव्यात. वडीलधाऱ्यांच्या आठवणी टिपून घ्याव्यात. हरवलेला चित्रपट कदाचित परत मिळणार नाही, पण तो कोणी केला, हे तरी पुढच्या पिढीला ठाऊक असावे.