गिळलेल्या किरणांचा हिशेब

मे महिन्यात मध्यरात्र उलटली की वैजापूरच्या दक्षिणेला वृश्चिकाची नांगी वर आलेली असते. मूळ नक्षत्राच्या जवळच, थोडी पश्चिमेला, एनजीसी 6302 ही ‘फुलपाखरू’ बिंबाभ्रिका आहे. वैजापुरातून ती फार तर 33 अंश वर चढते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीच. म्हाताऱ्या ताऱ्याने उधळलेल्या वायूचा हा पसारा. मधोमध उरलेला गाभा दोन लाख अंशांहून जास्त तापलेला.

इतका तापलेला तारा आपला बहुतेक प्रकाश टोकाच्या अतिनील किरणांतच ओततो आणि नेमका तोच आपल्याला मिळत नाही. 91.2 नॅनोमीटरहून आखूड लहरी हायड्रोजन गिळून टाकतो. अभ्रिकेतून काही निसटलंच, तर वाटेतल्या अवकाशातही हायड्रोजन आहेच.

मग मोजायचं कसं? 1927 साली हेर्मान झान्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने वाट काढली. गिळलेला प्रत्येक फोटॉन हायड्रोजनमधून एक इलेक्ट्रॉन उडवतो. तो पुन्हा अणूत शिरला की पायरी पायरीने खाली येतो आणि दाट वायूत शेवटी बामर मालिकेचा एक फोटॉन देऊनच थांबतो. हे फोटॉन बहुतेक दृश्य प्रकाशातले, म्हणजे मोजता येणारे. पीठ जोखून गिरणीत किती धान्य गेलं ते सांगावं, तसाच हा हिशेब. पीठ वाऱ्यावर उडालं तर आकडा कमी भरणार, हेही ओघाने आलंच. या आकड्याची ताऱ्याच्या दृश्य तेजाशी तुलना केली की तापमान निघतं. दुर्बिणीपेक्षा कागद-पेन्सिलीने लावलेला हा शोध मला जास्त आवडतो.

प्रत्यक्ष दर्शन घडलं 1975 मध्ये, अपोलो-सोयूझ मोहिमेत. एचझेड 43 या श्वेत बटूचे असे किरण टिपले गेले. श्वेत बटू म्हणजे अभ्रिका विरून गेल्यावर उरलेला गाभा. भोवतीचा पडदा गेला म्हणूनच तो दिसला. 1992 मध्ये ‘नासा’ने खास या किरणांसाठी ईयूव्हीई उपग्रह सोडला.

भारताचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. त्यावरची अतिनील दुर्बीण बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि पुण्याची ‘आयुका’ यांच्या सहभागातून उभी राहिली. तिची धाव 130 ते 300 नॅनोमीटरची, म्हणजे टोकाच्या अतिनीलाच्या अलीकडेच थांबणारी. तरी एन. कामेश्वर राव आणि सहकाऱ्यांनी तिच्यातून फुलपाखराकडे पाहिलं, तेव्हा ओळखीच्या पंखांपलीकडे दूरवर पसरलेल्या फिकट पाकळ्या दिसल्या. थंड हायड्रोजन रेणू ताऱ्याचे अतिनील किरण पिऊन पुन्हा उजळत असावेत, असा त्यांचा 2018 मधला निष्कर्ष. दृश्य प्रकाशातल्या चित्रांत या पाकळ्या नव्हत्याच.