एका बिंदूची नावे

काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या बाजूला, दाटीवाटीच्या गल्लीत मंगला गौरीचे देऊळ आहे. देवळात देवी आहे, गभस्तीश्वर नावाचे शिवलिंग आहे आणि मयूखादित्य हा सूर्यही आहे. स्कंदपुराणातल्या काशीखंडात तिघांची कथा एकच. सूर्याने इथे तप केले, लिंग आणि गौरी स्थापिली; तप करताना त्याचे शरीर दिसेना, नुसते किरण दिसत राहिले, म्हणून तो मयूखादित्य. नऊ गौरींची यात्रा करणारा माणूस या दाराशी येतो आणि बारा आदित्यांची यात्रा करणाराही इथेच येतो. दोघे एकाच उंबऱ्यावर चपला काढतात, पण जातात वेगवेगळ्या ठिकाणी.

हे मला काही वर्षांपूर्वी एका अगदी साध्या प्रश्नामुळे कळले. पेशवेकाळातील काही पत्रांचा मी हिंदीत अनुवाद करत होते. पत्रांत काशीतले घाट, वाडे, बोळ यांचे उल्लेख येत आणि ते आज कुठे आहेत हे पाहण्यासाठी मी ओपनस्ट्रीटमॅप उघडत असे. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा नकाशा कोणीही काढू शकतो आणि कोणीही दुरुस्त करू शकतो. त्यात प्रत्येक वस्तूला चिठ्ठ्या लावतात, त्यांना टॅग म्हणतात. एका बाजूला गुण, दुसऱ्या बाजूला त्याचे मूल्य: रस्ता म्हणजे पायवाट, वास्तू म्हणजे प्रार्थनास्थळ, धर्म अमुक, नाव तमुक. टॅगची कोणतीही सक्तीची यादी नाही. लोक चर्चा करतात, प्रस्ताव मांडतात, मत देतात आणि जे रुळते ते रूढ होते. म्हणजे व्याकरण जसे घडते तसेच.

मंगला गौरीच्या भागाचे काम तिथलाच एक विद्यार्थी करत होता. मी त्याला लिहिले, मग काशीत गेल्यावर भेटले. तो मला दीदी म्हणे. देवळाच्या पायरीवर बसून आमचा पहिला वाद झाला. या देवळाचा पंथ काय लिहायचा? शैव लिहिले तर देवी रुसते, शाक्त लिहिले तर लिंग. सूर्योपासकांना तर कोणी विचारतच नाही. "दीदी, रकाना रिकामा ठेवू," तो म्हणाला. "देवतेच्या रकान्यात अर्धविराम देऊन तिन्ही नावे लिहू." मला ते पटले. जे ठरलेले नाही ते ठरले आहे असे दाखवण्यापेक्षा रिकामा रकाना बरा.

दुसरा वाद नावाचा. नकाशात प्रत्येक भाषेतील नावाला स्वतंत्र रकाना असतो. मराठीच्या रकान्यात काय लिहायचे? आमच्याकडे श्रावणातल्या मंगळवारी नवी लग्न झालेली मुलगी पाच वर्षे जी पुजते ती मंगळागौर. काशीतली देवी मंगला गौरी. मी म्हटले, मराठीत ळ हवा. तो म्हणाला, पाटीवर तर ल आहे. या नकाशाचा एक दंडक आहे: जमिनीवर जे आहे ते लिहा. दोन अनोळखी माणसे वेगवेगळ्या वेळी तिथे गेली तरी दोघांना जे दिसेल, ऐकू येईल, तेच नोंदवा. केवळ लिप्यंतर करून, कोणीच उच्चारत नाही असे नाव कोणत्याही भाषेच्या रकान्यात भरू नये. मग मराठी माणसे या देवळाला खरोखर काय म्हणतात, हा प्रश्न उरला.

तेव्हा मला एकनाथांची आठवण झाली. एकनाथी भागवत पैठणला सुरू झाले आणि वाराणसीत पूर्ण झाले, कार्तिकी पौर्णिमेला, इसवी सन १५७३ मध्ये. ग्रंथाच्या शेवटी नाथ समाप्तीचे साल दोनदा सांगतात. आधी काशीच्या गणतीने: विक्रम १६३०, वृष संवत्सर. मग आपल्या मुलखाच्या, गोदातीरीच्या गणतीने: शालिवाहन शके १४९५, श्रीमुख संवत्सर. दिवस एकच, आकडे वेगळे. उत्तरेची आणि दक्षिणेची संवत्सरे जुळत नाहीत, म्हणून संवत्सराची नावेही वेगळी. नाथांनी एक खरे आणि दुसरे खोटे असे ठरवले नाही. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करून पहिले पुसलेही नाही. दोन्ही लिहिली, आणि कोणते कुठले तेही लिहिले. अनुवादक म्हणून मला याहून प्रामाणिक नोंद ठाऊक नाही.

काशीचे नकाशे मात्र बहुतेक एकाच बाजूने बोलत आले. जेम्स प्रिन्सेप १८२० मध्ये इथल्या टांकसाळीत धातुपरीक्षक म्हणून आला आणि १८२२ मध्ये त्याने शहराचे मोजमाप करून नकाशा काढला. गल्ल्या, तलाव, घाट, सारे मापात. पुढे १८७६ मध्ये कैलासनाथ सुकुल यांचा 'काशीदर्पण' छापला गेला. त्यात क्षेत्र वर्तुळात मांडले आहे, अंतरापेक्षा देवतांचा क्रम महत्त्वाचा. प्रिन्सेपचा नकाशा घेऊन वाट चुकणार नाही, पण यात्रा घडणार नाही. काशीदर्पण घेऊन यात्रा घडेल, वाट मात्र विचारत जावी लागेल. आज फोनवरच्या नकाशाकडून आपण दोन्हीची अपेक्षा करतो आणि मग टॅगवरून भांडतो.

पंचगंगेवर तर भांडणाला तोटा नाही. घाटाचे नाव पाच नद्यांमुळे: गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा. दिसते ती एकच. उरलेल्या चार नकाशात निळ्या रेषेने काढता येत नाहीत, कारण जमिनीवर त्या नाहीत. त्या नावात आहेत, आणि नाव नोंदवता येते. तिथेच वर उभी असलेली मशीद. तिथे पूर्वी बिंदुमाधवाचे भव्य देऊळ होते. १६६५ च्या सुमारास इथे आलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने त्याचे वर्णन केले आहे. औरंगजेबाच्या काळात ते पाडून मशीद झाली. तिच्या उंच मिनारांमुळे लोक तिला धरहरा म्हणू लागले. माधव तिथला देव, म्हणून माधवराय. प्रिन्सेपने चित्रावर 'माधोराय' असे छापले. नंतरच्या इंग्रजी लेखनात त्याचे 'माधोराव' झाले आणि जणू कोणा मराठी सरदाराने मिनार बांधले असा भास होऊ लागला. एका अक्षराने देवाचा पेशवा केला.

मिनार आता नाहीत. धरहरा हे नाव आहे. बिंदुमाधवाची मूर्ती शेजारच्या देवळात आहे. ते देवळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवले. नकाशात काय लिहायचे? विद्यार्थी ठाम होता आणि मला तो बरोबर वाटला: मशिदीला मशीद लिहायचे, देवळाला देऊळ, आणि पडलेल्या मिनारांसाठी व पाडलेल्या देवळासाठी ओपनहिस्टॉरिकलमॅप हा वेगळा नकाशा आहे, तिथे सालासकट नोंद करायची. आजच्या नकाशात जुने काही कोंबले की नकाशा दाव्याचा कागद होतो. इतिहास लपवायचा नाही, पण त्याला त्याची तारीख लावून ठेवायचे. नाथांनी केले तसे.

माझा स्वतःचा दावा मात्र मी इतक्या सहज सोडणार नव्हते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, मंगला गौरी हा मराठी वस्तीचा भाग. माझी आत्या लग्न होऊन इथे आली ती पन्नास वर्षांपूर्वी. ती ज्या बोळात राहते त्याला घरात 'नळाचा बोळ' म्हणतात, कारण आसपासचा पहिला सार्वजनिक नळ तिथे आला होता. नळ कधीच गेला. बोळात मराठी घरे तीनच उरली आहेत. नकाशात बोळाला नाव नव्हते. मी ते भरायला निघाले तर विद्यार्थी म्हणाला, "दीदी, एकाच घरात बोलले जाणारे नाव मी कसे तपासू?"

मला राग आला. आत्याला सांगितले तर ती हसली नाही. "बरोबरच बोलतोय तो मुलगा," ती म्हणाली. "मी गेल्यावर कोण म्हणणार आहे? जे कोणी म्हणत नाही ते लिहून काय करशील, बाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थी आपणहून आला. दूधवाल्याला, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला आणि एका म्हाताऱ्या विणकराला तो आधीच विचारून आला होता. मला दारातच म्हणाला, "तिघेही नाव सांगतात. पण तुम्ही सांगता ते नाही." दूधवाला म्हणतो, 'नल वाला बोल'. पानवाल्याचेही तेच. 'बोल' म्हणजे काय, असे विचारले तर दोघांनाही ठाऊक नाही. गल्लीचे नावच तसे आहे, इतकेच. विणकराने सांगितले की तिथले दक्षिणी लोक असे म्हणायचे, त्यांचे ऐकून आम्हीही म्हणू लागलो.

आमचा बोळ ळ गमावून हिंदीत गेला होता आणि तिथे जिवंत होता. ज्यांना त्याचा अर्थ माहीत नाही त्यांनीच तो टिकवला होता.

आम्ही दोन नोंदी केल्या. स्थानिक नावाच्या रकान्यात 'नल वाला बोल', मराठीच्या रकान्यात 'नळाचा बोळ'. देवळाच्या मराठी नावासाठी उरलेल्या तिन्ही घरांत विचारले. मंगळागौर हे व्रताचे नाव, देवीला सगळेच मंगला गौरी म्हणत होते. तिथे मी ळचा हट्ट सोडला. आत्याला फोनवर बोळ दाखवला. तिने चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावला आणि विचारले, "आपलं घर यात कुठलं?" मी बोट ठेवले. "इथे एक पायरी तुटकी आहे," ती म्हणाली, "ते पण लिही. लोक पडतात."