तोतोनिकापानची काठी

मिसरूड फुटलेल्या पोराने आधी काय करावे? ग्वाटेमालाच्या पश्चिम डोंगरांत तोतोनिकापान नावाचा मुलूख आहे. तेथील कीचे-माया लोकांचे याला जुने उत्तर आहे : गावकीची पाळी द्यावी. वर्षभर, बिनपगारी. निरोप पोचवायचे, झऱ्यांची निगा ठेवायची, सामाईक रानाची राखण करायची. या सेवेला ते 'काश्कोल' म्हणतात. शब्दातच कष्टाचा अर्थ आहे. अशा पाळ्या देत देत एखादा ४८ वाड्यांच्या पंचांत बसतो आणि अधिकाराची काठी हाती घेतो.

ही तर वेठच, असे कोणी म्हणेल. पण खरी वेठ या लोकांनी वेगळीच भोगली आहे. १९३४ साली होर्हे उबिको या हुकूमशहाने कायदा केला, की ज्याला जमीन नाही त्याने वर्षातून १५० दिवस मळ्यावर राबलेच पाहिजे. थोडा तुकडा असेल त्याला १०० दिवसांवर सूट! खिशातल्या वहीत दिवस भरलेले नसले, की तुरुंग. १९४४ च्या क्रांतीनंतर तो कायदा गेला. १९४५ च्या घटनेने निरक्षर पुरुषाला मत दिले, तेही उघड द्यायचे. निरक्षर बाईला मात्र १९६५ पर्यंत थांबावे लागले. मायांच्या मुलींना शाळा तरी कुठे होती?

म्हणून तेथे शाळेचा प्रश्न हा हक्काचाच प्रश्न होतो. खेड्यातल्या मुलामुलींना मास्तरकी हा नोकरीचा एक बरा रस्ता. तीन वर्षे शिकले, की मास्तर. सरकारने ते शिक्षण पाच वर्षांचे करायचे ठरवले. शिक्षक अधिक शिकलेला असावा, यात गैर काय, असे आपल्याला वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. पण वाढलेल्या दोन वर्षांचा खर्च ज्या घरावर पडणार, त्याला कोणी विचारले होते? ४ ऑक्टोबर २०१२ रोजी तोतोनिकापानचे लोक या बदलाविरुद्ध आणि विजेच्या दरांविरुद्ध अलास्का नावाच्या घाटमाथ्यावर रस्ता अडवून बसले. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. किमान सहा माणसे गेली.

२०२३ साली बेर्नार्दो आरेवालो निवडून आले, आणि सरकारी वकिलांच्या खात्याने तो निकालच उधळायचा घाट घातला. २ ऑक्टोबरला पंच काठ्या घेऊन राजधानीत त्या कचेरीसमोर जाऊन बसले. शंभराहून अधिक दिवस लोक पाळीपाळीने येत राहिले. पाळी कशी द्यायची, हे त्यांना शिकवावे लागले नाही. जानेवारी २०२४ मध्ये, मध्यरात्र उलटल्यावर, आरेवालोंचा शपथविधी झाला.

त्या वर्षी ४८ वाड्यांचे अध्यक्ष होते लुईस पाचेको. एप्रिल २०२५ मध्ये त्यांना या आंदोलनावरून दहशतवादाच्या आरोपाखाली अटक झाली. काठी तोवर दुसऱ्यांच्या हाती गेली होती. ती दरवर्षी बदलते.