चार बाहू, चार माणसे : क्वाडकॉप्टरची दीर्घ प्रतीक्षा

१/
सन १९०७, उत्तर फ्रान्समधील दुए. लुई व जाक ब्रेगे या बंधूंनी प्रा. शार्ल रिशे यांच्या सहकार्याने बांधलेले ‘जायरोप्लेन क्रमांक १’ जमिनीपासून सुमारे दोन फूट उचलले गेले. यंत्रात माणूस एकच होता. खाली मात्र चौघे होते. सांगाड्याच्या प्रत्येक बाहूच्या टोकाशी एकेक जण यंत्र सावरत उभा होता.

२/
रचना आजच्या छंदी ड्रोनचीच. पोलादी नळ्यांचा चार बाहूंचा सांगाडा, मधोमध इंजिन व चालक, टोकांना चार रोटर. रोटर एका दिशेने फिरला की सांगाडा उलट फिरू पाहतो. म्हणून दोन रोटर एका दिशेने, दोन विरुद्ध. ही युक्ती आजही तशीच आहे.

३/
रोटरचा व्यास होता सुमारे आठ मीटर. एवढा का? तेच वजन पेलायचे तर थोडी हवा वेगाने ढकलण्यापेक्षा पुष्कळ हवा सावकाश ढकलणे स्वस्त पडते. व्यास दुप्पट केला की तरंगण्यास लागणारी शक्ती, आदर्श स्थितीत, निम्मी होते. त्या काळच्या दुबळ्या इंजिनांना दुसरा मार्ग नव्हता.

४/
मात्र याची किंमत मोठी होती. अवजड रोटरचा वेग क्षणात बदलता येत नाही. यंत्र कलले तर सावरणार कोण? जायरोप्लेनमध्ये नियंत्रणाची सोयच नव्हती. ते काम त्या चौघांकडे होते.

५/
पुढे दोन उत्तरे शोधली गेली. फ्रान्सच्या एतियेन एमिशेन यांनी चार रोटरांना आणखी आठ लहान प्रोपेलरांची जोड दिली आणि ४ मे १९२४ रोजी एक किलोमीटरची बंद फेरी ७ मिनिटे ४० सेकंदांत पुरी केली.

६/
अमेरिकेत जॉर्ज द बोथेझाट यांनी रोटरांच्या पात्यांचा कल बदलण्याची योजना केली. १८ डिसेंबर १९२२ रोजी त्यांचे यंत्र १ मिनिट ४२ सेकंद हवेत राहिले. परंतु यंत्रणा फार गुंतागुंतीची ठरली व लष्कराने १९२४ मध्ये प्रकल्प सोडून दिला.

७/
अखेर उत्तर लहानपणात सापडले. सर्व मापे निम्मी केली तर त्याच घडणीच्या प्रोपेलरचे फिरते जडत्व सुमारे बत्तिसावा भाग उरते. पाच इंची प्रोपेलर, प्रत्येकास स्वतंत्र विद्युत मोटार आणि कल मोजणारी जायरो चिप एवढ्यावर सेकंदाला शेकडो वेळा तोल सावरता येतो. २०१० च्या सुमारास असे ड्रोन घरोघरच्या हौशी हातांत पोहोचू लागले.

८/
जुना पेच मात्र मिटलेला नाही. दीर्घ उड्डाणासाठी मोठे, संथ प्रोपेलर. शर्यतीसाठी लहान, तीन पात्यांचे, चपळ पण बॅटरी लवकर संपवणारे. ‘५×४.५’ या खुणेत पहिला आकडा व्यासाचा. दुसरा एका फेऱ्यात प्रोपेलर तत्त्वतः किती इंच पुढे जाईल त्याचा.

९/
सांगाड्याचेही तसेच. रुंद बाहू प्रोपेलरखालच्या झोताला अडवून उचल घटवतो. फार बारीक केला तर थरथरतो. ती थरथर जायरोला यंत्राची हालचाल वाटते. मग नको तेथे दुरुस्ती सुरू होते आणि मोटारी तापतात. म्हणून हलका पण ताठ कार्बन फायबर.

१०/
ब्रेगे बंधूंची आकृती चुकली नव्हती. उणीव होती ती बाहूंच्या टोकांशी उभ्या असलेल्या त्या चार माणसांची जागा घेणाऱ्या यंत्रणेची. आज ते काम नखाएवढी चिप करते.