अबिसिनियाचा राजपुत्र मराठी वर्गात

इ. स. १७५९ च्या जानेवारीत सॅम्युएल जॉन्सनची वृद्ध माता निवर्तली. तिच्या उत्तरक्रियेचा खर्च व लहानसहान देणी भागविण्यासाठी त्याने एका आठवड्याच्या सायंकाळी बसून ‘रासेलस’ ही कादंबरी लिहून काढली. अबिसिनियाचा एक राजपुत्र ऐषारामाच्या दरीतून पळ काढतो आणि खरे सुख कोठे नांदते, याचा शोध घेत इजिप्तमध्ये हिंडतो, एवढेच तिचे कथानक. इंग्लंडबाहेर फारसे पाऊल न टाकलेल्या जॉन्सनला अबिसिनिया कोठून ठाऊक? त्याचे उत्तर आपल्या गोव्यावरून जाते. १६२२ मध्ये गोव्यास आलेले येशूसंघीय फादर जेरोनिमो लोबो पुढे सुमारे नऊ वर्षे अबिसिनियात होते. त्यांच्या प्रवासवृत्ताच्या फ्रेंच अनुवादावरून जॉन्सनने १७३५ मध्ये इंग्रजी पुस्तक सिद्ध केले. तेच त्याचे पहिले पुस्तक होय.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘रासेलस’चे मराठी भाषांतर आरंभिले व त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी ते तडीस नेले. पितापुत्र दोघेही शिक्षक. हा कल्पित राजपुत्र मराठी वाचकांच्या भेटीस आला, त्याच पिढीत नाशिकच्या शरणपुरात खरीखुरी आफ्रिकी मुले शिकत होती. प्रॉटेस्टंट मिशनने १८५४ मध्ये वसविलेल्या या वस्तीत गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या मुलांना इंग्रजीबरोबर हातकामही शिकवीत. त्यांतल्याच जेकब वेनराइटने १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या दफनविधीची प्रार्थना वाचली आणि पुढल्या वर्षी तो शवपेटीसोबत लंडनला गेला.

इंग्रजीच्या तासाला ‘रासेलस’ काढावे ते त्यातील ज्योतिर्विदासाठी. हा विद्वान, सज्जन गृहस्थ एके दिवशी करपलेली शेते पाहून मनात म्हणतो, पाऊस पडो! नाईल नदीला पूर येतो. आज्ञेची वेळ व पुराची वेळ ताडून पाहता ऋतूंचे शासन आपल्या हाती आहे, अशी त्याची खात्री पटते. इम्लाक नावाचा सोबती एवढेच विचारतो की, पुराचे अन्य काही कारण नसेल कशावरून? आपल्या शास्त्रकारांनी याला काकतालीय न्याय म्हटले. खेडुताला तेही नको. कावळा बसायला नि फांदी मोडायला, असे म्हणून तो मोकळा होतो. नवसाला आलेला गुण, तावीज बांधून मिळालेले पास, यांची चर्चा वर्गात आपोआप सुरू होते. जॉन्सनची खुबी अशी की, त्याचा ज्योतिर्विद युक्तिवादाने बरा होत नाही. चार माणसांत बसू-बोलू लागल्यावर भ्रम हळूहळू विरतो.

दुसरा प्रसंग अधिक बिकट आहे. मनोविकार जिंकावेत, असे ओजस्वी व्याख्यान देणारा तत्त्वज्ञ एकुलती एक कन्या तापाने दगावताच कोलमडतो. मुले चटकन म्हणतात, म्हणजे त्याची शिकवण खोटी! येथे शिक्षकाने थांबवले पाहिजे. बोलणाऱ्याचे आचरण तोकडे पडले, म्हणून त्याचे विधान असत्य ठरत नाही. त्याची सत्यता निराळी तपासावी लागते. हेत्वाभासांपैकी हा सर्वांत चिवट, असे माझे मत आहे.

त्याचा दाखला खुद्द विष्णुशास्त्र्यांतच मिळावा, हे दुर्दैव. ‘निबंधमाले’त जॉन्सनचे गुणगान करणाऱ्या या तेजस्वी लेखकाने जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाची, भाषेची आणि विद्वत्तेची यथेच्छ टवाळी केली. अशुद्ध लिहिणाऱ्याचा प्रश्नही अशुद्धच असतो काय? १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री अवघ्या ३१ व्या वर्षी वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, मग शिक्षणावरील खर्च वरिष्ठ वर्गांच्याच पदरी का पडतो?