अजिंक्य अधिपतीच्या नगरातील सामान्य माणूस

कल्पित नगरे साहित्याला नवी नाहीत. परंतु ज्या नगराचा लेखक नगर उभारून बाजूला होतो आणि तेथे घडणारी कथा अनोळखी वाचकांच्या हाती सोपवतो, असे नगर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागले. ते अमेरिकेत रुजलेल्या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांनी घडवले. या खेळात चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र होतो, एक जण सूत्रधार होतो, आणि संवाद, नियम व फासे यांच्या आधारे कथा पुढे सरकते. सूत्रधाराला लागणारी नगराची तयार सामग्री ज्या ग्रंथात असते त्यास सोर्सबुक म्हणतात. अशा तीन नगरग्रंथांचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. आमचा प्रश्न एकच आहे: या नगरांत नागरिक कोठे आहे?

प्रश्नाचे मूळ या खेळाच्या कुळात आहे. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने सैनिकी शिक्षणासाठी 'क्रीगस्पील' हा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात दोन पक्षांमध्ये निवाडा करणारा पंच असे. पुढे अशा युद्धखेळांची छंद म्हणून एक परंपराच निर्माण झाली. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांचा 'चेनमेल' (१९७१) हा त्याच परंपरेतला. त्यातूनच गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) जन्मास आला. तात्पर्य, या खेळाची भाषा रणांगणाची होती. माणसाचे वर्णन म्हणजे तो किती घाव सोसू शकतो आणि किती घालू शकतो याची नोंद.

ही भाषा घेऊन नगरात शिरणारा पहिला महत्त्वाचा ग्रंथ 'सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड' हा होय. इलिनॉय राज्यातील डिकेटर येथील बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी १९७६ मध्ये 'जजेस गिल्ड' ही संस्था काढली. त्याच वर्षीच्या जेन कॉन मेळाव्यात त्यांनी या नगराचा भलामोठा नकाशा विकावयास आणला, आणि माहितीच्या पुस्तिका पाठोपाठ आल्या. संस्थेच्या नावातील 'जज' म्हणजे तो जुना पंचच. मुंबई इलाख्याची गॅझेटियरे चाळलेल्या मराठी अभ्यासकाला या पुस्तिकांची रीत ओळखीची वाटेल. रस्त्यामागून रस्ता, दुकानामागून दुकान, अशा तुटक नोंदी. फरक एवढाच की येथे जमीनमहसुलाच्या जागी दुकानदाराचा दर्जा, त्याची जीवनशक्ती आणि त्याची नैतिक प्रवृत्ती अंकांत व अक्षरांत मांडलेली आहे.

येथेच आमचा पहिला आक्षेप आहे. खानावळीच्या मालकाला ठार करण्यास किती घाव लागतील, ही त्याची प्राथमिक ओळख कशी असू शकते? ज्या नगरात प्रत्येक नागरिक संभाव्य शत्रू म्हणून मोजला गेला आहे, ते नगर वस्तुतः छतांखाली लपलेले रणांगण असते. ग्रंथाच्या नावातच अजिंक्य अधिपती आहे, आणि नोंदी घेणारी नजरही त्याच अधिपतीची वाटते.

परंतु एवढ्यावर निकाल देणे अन्यायाचे होईल. याच नोंदींत अंकांच्या शेजारी अफवा आहेत, दंतकथा आहेत, कोणाचे कोणाशी काय नाते याच्या सूचना आहेत. अफवेला जीवनशक्ती नसते. ती ऐकावी लागते, पडताळावी लागते, तिच्यामागे जावे लागते. ज्या क्षणी खेळाडू तलवार म्यान करून दुकानदाराशी बोलू लागतो, त्या क्षणी रणांगणाचे नगर होते. ब्लेडसॉ यांचे खरे श्रेय आम्ही या ओळींना देतो.

दुसरा ग्रंथ केऑसियम प्रकाशनाचा 'थीव्ह्ज वर्ल्ड' (१९८१). यातील सँक्चुअरी हे नगर खेळासाठी जन्मलेले नाही. ते रॉबर्ट ॲस्प्रिन यांनी १९७९ पासून संपादित केलेल्या कथासंग्रहांतून आले, आणि त्या कथा अनेक लेखकांनी एकाच नगराच्या आश्रयाने लिहिल्या होत्या. प्रकाशकाने एक विलक्षण गोष्ट केली. यातील पात्रांची अंकपत्रे त्याने नऊ निरनिराळ्या खेळांच्या नियमांनुसार दिली. हेतू अर्थात व्यापारी होता. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष वाङ्मयीन आहे. एकाच माणसाची नऊ मोजमापे होऊ शकतात आणि तरीही तो माणूस तोच राहतो, तर त्याचे माणूसपण या अंकांत नव्हतेच. ते त्याच्या कथेत होते.

तिसरा ग्रंथ माँटी कुक यांचा 'टॉलस' (२००६). डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती (२०००) सिद्ध होत असताना तिची चाचणी ज्या खेळातून झाली, त्याचे हे नगर. ६७२ पानांच्या या ग्रंथाच्या समासांत संदर्भ व पृष्ठांक दिलेले आहेत, त्यामुळे एका व्यक्तीची नोंद वाचताना वाचक तिच्या संघटनेकडे, शत्रूकडे, वस्तीकडे सहज जातो. यादीचे येथे जाळे झाले आहे. महत्त्वाचे म्हणजे साहसवीर येथे आगंतुक नाहीत. नगराखालच्या भुयारांतून संपत्ती वर आणणाऱ्यांचा तो एक व्यवसायच आहे, त्यांचे 'डेल्व्हर्स गिल्ड' आहे, आणि त्यांच्या जिवावर बाजार चालतो. 'हे नगर येथे का आहे?' या प्रश्नाला ग्रंथ उत्तर देतो. अंक मात्र येथेही आहेतच, आणि एवढा पसारा पाठ केल्याखेरीज खेळ मांडू नये असे दडपण सूत्रधारावर येते, हा त्याचा दोष.

तीस वर्षांच्या या वाटचालीत ग्रंथ जाड झाले आणि नकाशे रंगीत झाले, परंतु प्रगतीची खूण ती नव्हे. नागरिकाकडे पाहण्याची नजर किती बदलली, ही खरी कसोटी आहे. १९७६ च्या पुस्तिकेत अफवेच्या एका ओळीपुरती मिळालेली जागा पुढे कथेने, व्यवसायाने, हितसंबंधांनी व्यापली. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी असे नगर रचावयास बसला, तर आम्ही त्याला एवढेच सुचवू: दुकानदाराची जीवनशक्ती शेवटी लिही. त्याला रात्री झोप का लागत नाही, ते आधी लिही.