नगरराज्ये आणि यात्रा

ग्रीस ही डोंगरांची भूमी. मधूनमधून लहान खोरी आणि तिन्ही बाजूंस समुद्र. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाणे बिकट, म्हणून जागोजागी स्वतंत्र नगरराज्ये उदयास आली. अथेन्समध्ये इ. स. पू. ५०८ च्या सुमारास क्लायस्थेनीसने लोकशाहीची घडी बसविली. नागरिकांच्या सभेत निर्णय होत आणि पाचशे सभासदांचे मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडले जाई. स्त्रिया, गुलाम व परकी रहिवासी यांना मात्र तेथे स्थान नव्हते. स्पार्टात एकाच वेळी दोन राजे आणि जोडीस वृद्धांची सभा असे.

राज्यपद्धती भिन्न, तरी भाषा, देव व चालीरीती समान असल्याने ग्रीकांत एकत्वाची जाणीव होती. दर चार वर्षांनी ऑलिंपियाचा उत्सव भरे, तेव्हा यात्रेकरूंना वाटेत अभय मिळे. परंतु स्पर्धेत उतरावयाचे तर ग्रीकत्व सिद्ध करावे लागे. मॅसिडोनियाचा राजा पहिला अलेक्झांडर यासही ते चुकले नाही. पुढे अथेन्स व स्पार्टा इ. स. पू. ४३१ ते ४०४ या काळात आपसांत लढून क्षीण झाली, आणि त्याच मॅसिडोनियन राजघराण्यातील फिलिपने इ. स. पू. ३३८ मध्ये ग्रीकांवर वर्चस्व स्थापिले. समान भाषेने कलह टळला नाही.

या ग्रीकांचा सागरदेव पोसायडन याची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत, पंचगंगेच्या काठी सापडली आहे. समुद्र आणि सह्याद्रीचे घाट ओलांडून चालणाऱ्या प्राचीन व्यापाराची ती साक्ष होय. तेथून निपाणी सुमारे ४० किलोमीटरांवर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी व बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली आणि मराठी भाषिकांचा सीमाप्रश्न उभा राहिला. २००४ साली महाराष्ट्राने तो सर्वोच्च न्यायालयात नेला.

राज्याची रेषा कोठे असावी, हा न्यायाचा प्रश्न आहे. यात्रेची वाट मात्र त्या रेषेपाशी थांबलेली नाही. चैत्री पौर्णिमेस कानडी मुलखातील भाविक जोतिबाचा डोंगर चढतात, तर मार्गशीर्ष पौर्णिमेस कोल्हापूरकडील मराठी माणसे सौंदत्तीच्या यल्लम्माला जातात. ऑलिंपियात स्पर्धकाचे कूळ पाहिले जाई. या दोन डोंगरांवर भाविकाची भाषाही कोणी विचारीत नाही.